रशियनमध्ये नोकरी-व्यवसायाबद्दल बोलताना : यादी पाठ आहे, तरी वाक्य का अडतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी सांभाळून तुम्ही रशियनच्या संध्याकाळच्या वर्गाला जाता. व्यवसायांच्या नावांची लांबलचक यादी पाठ आहे. तरी वर्गात ‘या रबोतायु इन्झेन्येर’ (‘या’ म्हणजे मी, ‘रबोतायु’ म्हणजे काम करते) म्हटल्यावर शिक्षिकेने चूक दाखवली आणि ‘या इन्झेन्येर’ मात्र बरोबर म्हटलं. शब्द तोच असताना एकीकडे तो चालतो आणि दुसरीकडे चालत नाही, हे का? शिवाय आई शाळेत शिक्षिका, वडील द्राक्षबागायतदार, आजोबा पोस्टमन होते आणि भाऊ नोकरी शोधतोय, हे सगळं सांगायला अजून किती शब्द पाठ करावे लागतील, असंही विचारलंय.

मी रशियन शिकवते आणि अधूनमधून कारखान्यांत दुभाषी म्हणून जाते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत येतो. माझं प्रामाणिक मत सांगते : तुम्हाला नवे शब्द फारसे लागणार नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. कामधंद्याबद्दल रशियन माणूस तीन-चार वेगवेगळे प्रश्न विचारतो, आणि प्रत्येकाच्या उत्तरात त्याच शब्दाचा शेवट बदलतो. यादीत शब्द एकाच रूपात दिलेला असतो, त्यामुळे एकच उत्तर जमतं आणि बाकीची अडतात. (रशियन शब्द मी देवनागरीत उच्चाराच्या जवळपास लिहिते आहे. नेमका उच्चार ऐकूनच घ्या.)

आधी हे प्रश्न नीट ओळखून घेऊ.

पहिला, ‘क्तो वी प प्रफ्येस्सिइ?’ म्हणजे व्यवसायाने तुम्ही कोण? दुसरा, ‘क्येम वी रबोतायेत्ये?’ म्हणजे तुम्ही काय म्हणून काम करता? तिसरा, ‘ग्द्ये वी रबोतायेत्ये?’, कुठे काम करता? आणि चौथा, जरा मोकळा, ‘च्येम वी झनिमायेत्येस?’, तुम्ही काय करता, कशात असता?

आता पहिल्या दोन प्रश्नांतले ‘क्तो’ आणि ‘क्येम’ पाहा. शब्द एकच, विभक्ती वेगळी. ‘क्तो’ ही प्रथमा, ‘क्येम’ ही तृतीया. मराठीत कोणी ‘कोणाला दिलंस?’ विचारलं तर आपण ‘आईला’ म्हणतो, ‘आई’ म्हणत नाही. प्रश्नातला ‘ला’ उत्तरात आपोआप येतो. रशियनमध्येही तेच चालतं. ‘क्तो’ने विचारलं तर उत्तर प्रथमेत : ‘या इन्झेन्येर’. ‘क्येम’ने विचारलं तर उत्तर तृतीयेत : ‘या रबोतायु इन्झेन्येरम’. तुमच्या शिक्षिकेने खोडलं ते एवढ्यासाठीच. ‘रबोतायु’ आलं की मागोमाग तृतीया आली पाहिजे. व्याकरणाच्या पुस्तकात हिला ‘त्वरीत्येल्निय’ म्हणतात. ‘चाकूने कापणे’ मधला ‘ने’ रशियनमध्ये याच विभक्तीने दाखवतात, म्हणून तिला तृतीया म्हणायला हरकत नाही.

‘या इन्झेन्येर’ मध्ये ‘आहे’ का नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो लगेच येईल. वर्तमानकाळात रशियन माणूस ‘आहे’ उच्चारत नाही. ‘या व्राच’ : मी डॉक्टर, झालं वाक्य. लिहिताना दोन्हीकडे नाम असेल तर मध्ये लांब रेघ देतात, ‘मया मामा — व्राच’. सर्वनाम असेल तर सहसा रेघही नाही. आपल्याकडे इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे ‘एक डॉक्टर’मधला ‘एक’ शोधत बसतात. मराठीतून विचार केलात तर ती अडचणच येत नाही, कारण आपणही ‘ती डॉक्टर आहे’ म्हणतो, ‘एक डॉक्टर’ म्हणत नाही. फक्त ‘आहे’ गाळायचा.

मराठीतून येणारा एक मोह मात्र टाळायला हवा. आपण ‘शिक्षक म्हणून काम करतो’ म्हणतो, त्यामुळे ‘म्हणून’साठी रशियन शब्द हवासा वाटतो आणि कोणीतरी शब्दकोशातून ‘काक’ काढतं : ‘या रबोतायु काक इन्झेन्येर’. हे ऐकणाऱ्याला ‘मी इंजिनियरसारखं काम करते’ अशा अंगाने जातं. ‘म्हणून’चं सगळं काम तो ‘-अम’ प्रत्यय करतो. वेगळा शब्द टाकायचा नाही.

प्रत्यय कोणता, हे ठरवायला मी मुलांना तक्ता पाठ करायला लावत नाही. शब्दाचा शेवट ऐकायला सांगते. व्यंजनाने संपणाऱ्या बहुतेक पुल्लिंगी शब्दांना लिहिताना ‘-ओम’ लागतो. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटावर असेल तर तो ‘ओम’ असाच ऐकू येतो : व्राच – व्राचोम. आघात आधी असेल तर तोच ‘अम’सारखा ऐकू येतो : इन्झेन्येरम, प्रग्रामीस्तम, झुर्नालीस्तम. अनेक जण ऐकून लिहिताना इथे ‘अ’चं अक्षर घालतात. कान बरोबर असतो, पण लिहायचं ‘ओ’च. ‘-त्येल’ने संपणारे शब्द, म्हणजे उचीत्येल (शिक्षक), पिसात्येल (लेखक), वदीत्येल (वाहनचालक), स्त्राईत्येल (बांधकाम कामगार), यांचा शेवट मृदू असतो, म्हणून ‘-येम’ : उचीत्येल्येम, वदीत्येल्येम. ‘आ’ने संपणारे स्त्रीलिंगी शब्द ‘-ओय’ किंवा ‘-एय’ घेतात : म्येदस्येस्त्रा (नर्स) – म्येदस्येस्त्रोय, उचीत्येल्नित्सा – उचीत्येल्नित्सेय. ‘-इस्त’, ‘-चिक’, ‘-श्चिक’, ‘-निक’ या शेपट्या व्यवसायांच्या नावांत सतत भेटतात. त्या सगळ्या पहिल्या गटातल्या, त्यामुळे पिरिवोत्चिक (भाषांतरकार, दुभाषी) किंवा स्वार्श्चिक (वेल्डर) पहिल्यांदा ऐकला तरी पिरिवोत्चिकम, स्वार्श्चिकम हे न विचारता करता येतं.

‘-एत्स’ने संपणारे शब्द वेगळे वागतात. त्यांच्यातला शेवटचा स्वर बहुतेकदा गळून जातो. प्रदाव्येत्स (विक्रेता) – प्रदाफ्त्सोम. हा ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला दंततालव्य ‘च’च, म्हणून मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही. शिवाय काही व्यवसायनामं मुळात विशेषणं आहेत. रबोचिय (कामगार), उच्योनिय (शास्त्रज्ञ), वयेन्निय (लष्करी माणूस) ही नामासारखी वापरतात, पण विभक्ती विशेषणाची घेतात : रबोचिम, उच्योनिम, वयेन्निम. सुरुवातीला एवढं पुरे.

तृतीया नुसत्या ‘रबोतायु’पुरती नाही, म्हणूनच मी तिच्यावर इतका वेळ घालवते. वर्तमानकाळात ‘आहे’ नव्हता, पण भूतकाळात ‘होता/होती’ येतो, भविष्यात ‘होईन’ येतो, आणि दोन्हीकडे व्यवसाय साधारणपणे तृतीयेत जातो. चेकॉव्ह डॉक्टरही होता आणि लेखकही : ‘च्येखव बील व्राचोम इ पिसात्येल्येम’. दोन्ही प्रत्यय एकाच वाक्यात, शिवाय खरी गोष्ट, म्हणून हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात देते. बोरोदिन रसायनशास्त्रज्ञ आणि संगीतकार होता : ‘बरादीन बील खीमिकम इ कम्पझीतरम’. आपल्या मातीला लागून असलेलं उदाहरण हवं असेल तर अफानासी निकीतिन घ्या. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरपर्यंत गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ‘निकीतिन बील कुप्त्सोम’. व्यापारी म्हणजे कुप्येत्स, आणि इथेही स्वर गळलाच. तुमच्या आजोबांचं वाक्यही याच घडणीचं : ‘रान्शे द्येदुश्का रबोताल पच्तल्योनम’, पूर्वी आजोबा पोस्टमन म्हणून काम करत. आणि आता? ‘सिचास ओन न प्येन्सिइ’, ते आता निवृत्त आहेत. ‘न प्येन्सिइ’ हा तुकडा तसाच पाठ करा. भारतीय घराबद्दल बोलताना तो नेहमी लागतो.

‘व्हायचंय’ यालाही तृतीया लागते : ‘या खचू स्तात व्राचोम’, मला डॉक्टर व्हायचंय. रशियात वैद्यकीय शिक्षणाला जाणारी महाराष्ट्रातली मुलं हे वाक्य पहिलं शिकतात. त्यांच्या कामाचं आणखी एक आहे, ‘या उचूस न व्राचा’, मी डॉक्टरकीचं शिकतोय. इथे ‘न’ आला म्हणून विभक्ती बदलली. त्याच्या खोलात आत्ता जाऊ नका, तुकडा तोंडात बसवा.

एक सूक्ष्म भेद सांगते, कारण तो तुमच्या कामी येईल. ‘प प्रफ्येस्सिइ’ म्हणजे शिक्षणाने, प्रशिक्षणाने तुम्ही कोण. ‘रबोतायु’ म्हणजे प्रत्यक्षात करता काय. रशियन माणूस हे दोन्ही सहज वेगळं करून सांगतो : ‘प प्रफ्येस्सिइ या इन्झेन्येर, अ रबोतायु उचीत्येल्येम’. शिक्षणाने इंजिनियर, पण काम शिक्षकाचं. आपल्याकडे यंत्र शाखेची पदवी घेऊन सॉफ्टवेअर तपासणारे कितीतरी जण आहेत. त्यांनी ‘प प्रफ्येस्सिइ या इन्झेन्येर, अ रबोतायु त्येस्तिरोफ्श्चिकम’ म्हणावं. एकाच वाक्यात प्रथमा आणि तृतीया शेजारी येतात, म्हणून सरावालाही हे उत्तम.

आणि तुमच्याबद्दल म्हणाल तर, नुसतं ‘या इन्झेन्येर’ म्हटलंत की रशियन माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा कारखाना किंवा बांधकाम येईल. कोड लिहिणाऱ्याला तिथे ‘प्रग्रामीस्त’ किंवा हल्ली ‘रझ्रबोत्चिक’ म्हणतात. बोलताना ‘आयतीश्निक’ही चालतं. तुम्ही ‘या प्रग्रामीस्त’ म्हणा. स्त्री आहात म्हणून वेगळं रूप शोधू नका.

हा लिंगाचा भाग जरा सावकाश घेऊ, कारण इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. काही व्यवसायांना सर्वमान्य स्त्रीरूप आहे आणि ते बिनदिक्कत वापरावं : उचीत्येल्नित्सा, स्तुद्येन्त्का, अक्त्रीसा (अभिनेत्री), प्येवीत्सा (गायिका). काहींना औपचारिक बोलण्यात पुरुषरूपच चालतं : व्राच, इन्झेन्येर, दिर्येक्तर, प्रफ्येस्सर. बाई असली तरी ‘अना व्राच’. सोफिया कवल्येव्स्काया स्टॉकहोममध्ये गणिताच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्याबद्दल ‘कवल्येव्स्काया बिला मत्येमातिकम’ असंच म्हणतात. क्रियापद स्त्रीलिंगी, व्यवसाय पुल्लिंगी, आणि वाक्य निर्दोष. ‘मत्येमातिच्का’ असा शब्द आहे, पण तो शाळकरी मुलं गणिताच्या बाईंना आपसात म्हणतात. मनाने प्रत्यय लावल्यावर अर्थच बदलल्याचीही उदाहरणं आहेत. ‘मशिनीस्त’ म्हणजे रेल्वे इंजिनचा चालक आणि ‘मशिनीस्त्का’ म्हणजे टंकलेखिका. म्हणून माझा नियम साधा आहे : स्त्रीरूप रशियन माणसाच्या तोंडून ऐकलं असेल तर वापरा, नसेल तर पुरुषरूप ठेवा. त्यात अपमान होत नाही. मुद्दाम सांगायचंच असेल तर ‘झेन्श्चिना’ (स्त्री) जोडतात. 16 जून 1963 रोजी अवकाशात गेलेल्या वालेंतिना तेरेश्कोवांना ‘प्येर्वाया झेन्श्चिना-कस्मनाव्त’ म्हणतात, पहिली स्त्री अंतराळवीर.

क्रियापदाचं आपल्याला सोपं आहे. वर्तमानकाळात ‘रबोतायु’ बाई आणि पुरुष दोघांनाही एकच, आपल्या ‘करतो/करते’सारखा भेद नाही. भूतकाळात मात्र भेद येतो : तो ‘रबोताल’, ती ‘रबोताला’.

‘ग्द्ये’ म्हणजे ‘कुठे’च्या उत्तरात सप्तमी, आणि बहुतेक नामांचा शेवट ‘-ये’ होतो. अडचण त्याच्या आधीच्या शब्दाची आहे : ‘व’ की ‘न’? शाळा, रुग्णालय, बँक, दुकान, ऑफिस यांना ‘व’ : फ्श्कोल्ये (इथे ‘व’ पुढच्या शब्दाला चिकटून ‘फ्’सारखा ऐकू येतो), व बल्नीत्से, व बान्क्ये, व मगझीन्ये, व ओफिस्ये. कारखाना, गिरणी, पोस्ट, रेल्वेस्थानक, बांधकामाची जागा यांना ‘न’ : न झवोद्ये, न फाब्रिक्ये, न पोच्त्ये, न वग्झाल्ये, न स्त्रोइक्ये. तेरेश्कोवा अवकाशात जाण्याआधी यारोस्लाव्लच्या कापडगिरणीत कामाला होत्या. ते सांगताना ‘अना रबोताला न फाब्रिक्ये’. यामागची कारणं पुस्तकांत देतात, पण ऐनवेळी ती आठवत बसायला वेळ नसतो. म्हणून शब्द एकटा पाठच करू नका, ‘न झवोद्ये’ असा जोडीने करा. कंपनी म्हणजे ‘कम्पानिया’, तिचं ‘व कम्पानिइ’ होतं. तुमचं वाक्य : ‘या रबोतायु व बल्शोय कम्पानिइ व पून्ये’, मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत काम करते. मुंबईला विभक्ती लागत नाही, ‘व मुम्बाइ’ तसंच राहतं. नाशिकला लागते, ‘व नासिक्ये’.

वडिलांबद्दल. ‘शेतकरी’ हा शब्द यादीत बहुधा नसतो, आणि जुन्या सोव्हिएत काळातल्या पुस्तकांत ‘कल्खोझ्निक’ किंवा ‘क्रिस्त्यानिन’ सापडतो. ‘कल्खोझ्निक’ म्हणजे सामूहिक शेतीचा सभासद. स्वतःच्या सातबाऱ्यावर द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाला तो शब्द लावणं चूकच. ‘क्रिस्त्यानिन’ला इतिहासातल्या शेतकरी वर्गाचा वास आहे. आजच्या बागायतदाराला ‘फ्येर्म्येर’ म्हणा, आणि पुढे क्रियापदाने चित्र पुरं करा : ‘मोय पापा — फ्येर्म्येर. ओन विराश्चिवायेत विनाग्राद.’ माझे बाबा शेतकरी आहेत, ते द्राक्षं पिकवतात. कांदा असेल तर ‘लूक’, कापूस असेल तर ‘ख्लोपक’. नुसत्या ‘फ्येर्म्येर’पेक्षा दुसरं वाक्य ऐकणाऱ्याला जास्त सांगतं, आणि त्यावर तो हमखास पुढचा प्रश्न विचारतो. एकूणच एखाद्या व्यवसायाला नेमका शब्द सुचला नाही तर तो माणूस काय करतो ते क्रियापदाने सांगा. चौथ्या प्रश्नाचं, ‘च्येम वी झनिमायेत्येस’चं, उत्तरही असंच देता येतं.

भावाचं सोपं आहे : ‘ब्रात सिचास न्ये रबोतायेत. ओन ईश्चेत रबोतु.’ तो सध्या काम करत नाही, काम शोधतोय. ‘बिझ्रबोत्निय’ (बेकार) हा शब्द आहे, पण घरच्या माणसाबद्दल पहिलं वाक्यच बरं वाटतं.

जिथे आपल्याच सवयीचे शब्द फसवतात, तेही थोडक्यात. आजारी माणसाने हाक मारायची ती ‘दोक्तर’, पण पेशा विचारला तर ‘व्राच’. ‘अर्तीस्त’ म्हणजे रंगमंचावरचा कलाकार, चित्रकार म्हणजे ‘खुदोझ्निक’. कॉलेजात शिकवणारा ‘प्रिपदवात्येल’, शाळेतला ‘उचीत्येल’, आणि ‘प्रफ्येस्सर’ हे विद्यापीठातलं वरचं पद. आपण लेक्चररला सर्रास प्रोफेसर म्हणतो, तसं तिथे करू नये. ‘स्तुद्येन्त’ महाविद्यालयात, शाळेतलं मूल ‘श्कोल्निक’. हिशेबनीस ‘बुख्गाल्तेर’, केस कापणारा ‘परिक्माखेर’. हे दोन्ही जर्मनमधून आलेत, म्हणून रशियन वाटत नाहीत.

कोणते शब्द आधी, हे तुम्ही रशियन कशासाठी शिकता त्यावर ठरतं. गोव्यात मोरजी-हरमलच्या पट्ट्यात काम करणाऱ्याला ‘गिदम’ (गाइड म्हणून), ‘पोवरम’ (स्वयंपाकी म्हणून), ‘तक्सीस्तम’ लागतील. त्याला हेही माहीत असावं की व्याकरण ‘व गोआ’ म्हणत असलं तरी रशियन पर्यटक सर्रास ‘न गोआ’ म्हणतात. ओझरला मिग आणि सुखोई विमानं बनली. तिथल्यासारख्या कारखान्यांत रशियन तंत्रज्ञांशी बोलायचं तर ‘मास्त्येर’ (फोरमन), ‘स्ल्येसर’ (फिटर), ‘तोकर’ (टर्नर), ‘नचाल्निक त्सेखा’ (विभागाचा प्रमुख) आणि ‘ग्लाव्निय इन्झेन्येर’ हे आधी. दुभाषी म्हणून गेल्यावर मी पहिल्यांदा हेच विचारून घेते, कारण समोरचा कोणत्या हुद्द्यावर आहे हे कळलं की कोणता प्रश्न कोणाला विचारायचा ते ठरतं. तुम्ही परीक्षेसाठी शिकत असाल तर प्राथमिक पातळीवर स्वतःबद्दल आणि घरच्यांबद्दल बोलायला लावतात. मग तुमची सात-आठ माणसं पुरेत.

म्हणून सराव असा करा. लांब यादी बाजूला ठेवा. घरातली, शेजारची माणसं घ्या आणि प्रत्येकासाठी तीन वाक्यं मोठ्याने म्हणा : तो कोण, काय म्हणून काम करतो, कुठे करतो. तुमच्या आईचं : ‘मया मामा — उचीत्येल्नित्सा. अना रबोतायेत उचीत्येल्नित्सेय. अना रबोतायेत फ्श्कोल्ये.’ खऱ्या बोलण्यात मधलं वाक्य गाळाल, पण सरावात ते हवंच, कारण प्रत्यय तिथेच पक्का होतो. मग कोणाला तरी प्रश्न विचारायला लावा आणि त्याने क्रम बदलत राहावं, म्हणजे ‘क्येम’ ऐकताच तोंडातून ‘-अम’ निघायला लागेल. ऐकणारं कोणी नसेल तर प्रश्न फोनवर स्वतःच रेकॉर्ड करा आणि मध्ये उत्तरापुरती जागा सोडा.

उत्तर दिल्यावर तिथेच थांबू नका. ‘अ वी?’ म्हणा, ‘आणि तुम्ही?’ समोरचा त्याचं काम सांगेल आणि त्यात एखादा अनोळखी शब्द हमखास येईल. त्याची शेपटी ओळखीची असेलच. कळलं नाही तर ‘अ श्तो वी द्येलायेत्ये न रबोत्ये?’, म्हणजे कामावर तुम्ही नेमकं काय करता, एवढं विचारा. मग तो क्रियापदांनी समजावून सांगू लागेल, आणि ती क्रियापदं तुम्हाला बहुधा येत असतील.